ज्येष्ठ मूत्रपिंड-कर्करुग्णांचे पोषण व शस्त्रक्रिया : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा या तालुक्यांचा बराच भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. क्षारयुक्त भूजलामुळे ‘किडनीचा आजार’ हा शब्द येथे घरोघरी परिचित आहे. परंतु दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आणि मूत्रपिंडाचा कर्करोग हे भिन्न आजार होत. पहिल्याचे पथ्य दुसऱ्याच्या रुग्णावर लादले गेल्यास होणारी हानी इतिहासाच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शस्त्रक्रियेची वाटचाल :
जर्मन शल्यविशारद गुस्ताव सायमन यांनी १८६९ मध्ये हायडेलबर्ग येथे पूर्वनियोजित शस्त्रक्रियेद्वारे मूत्रपिंड काढले. मनुष्य एका मूत्रपिंडावर जगू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. १९६० च्या दशकात कॅनडातील रॉबसन यांनी कर्करोगग्रस्त मूत्रपिंड भोवतालच्या आवरणासह काढण्याची पद्धत रूढ केली. १९९० मध्ये अमेरिकेत क्लेमन यांनी दुर्बिणीद्वारे प्रथमच मूत्रपिंड काढले. ती रुग्ण ८५ वर्षांची वृद्धा होती. अर्थात, केवळ वय हा शस्त्रक्रियेतील अडसर राहिला नाही.

पोषणविचाराचा उदय :
रुग्णाच्या पोषणाकडे मात्र उशिरा लक्ष गेले. १९३६ मध्ये अमेरिकेतील स्टडली यांनी जठरव्रणाच्या रुग्णांचा अभ्यास केला. शस्त्रक्रियेपूर्वी २० टक्क्यांहून अधिक वजन घटलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३३ टक्के, तर इतरांत ३.५ टक्के आढळले. १९६८ मध्ये डड्रिक यांनी शिरेवाटे संपूर्ण पोषण देणे शक्य असल्याचे दाखविले. मूत्रपिंड-कर्करुग्णांवरील २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात कमी वजन, वजनातील घट आणि रक्तातील कमी अल्ब्युमिन यांचा संबंध अधिक मृत्युदराशी आढळला. अल्ब्युमिन कर्करोगजन्य दाहामुळेही घटते. म्हणून केवळ त्या एका आकड्यावरून कुपोषण ठरविणे योग्य नव्हे. तथापि, कुपोषित वृद्धात जखम भरण्यास विलंब, जंतुसंसर्ग व श्वसनाच्या तक्रारी यांचा धोका वाढतो, हे निर्विवाद आहे.

जिल्ह्याचा संदर्भ :
मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये, तर बुलडाण्यात २०२४ मध्ये आले. त्यामुळे दीर्घकाळ येथील रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्याबाहेर जावे लागले. तपासण्या, पैशांची जुळवाजुळव आणि प्रवास यांत दिवस जातात. त्याच काळात ‘किडनी आहे’ म्हणून वृद्धाच्या ताटातील तुरीचे वरण, दूध, अंडी कमी केली जातात आणि घटते वजन ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्षिले जाते. वस्तुतः भूक मंदावणे व वजन घटणे ही या कर्करोगाचीही लक्षणे आहेत. मूत्रपिंडाचे कार्य मुळातच क्षीण असेल, तर प्रथिनांचे प्रमाण तज्ज्ञानेच ठरवावे. परंतु सरसकट पथ्य घातक ठरते. तीव्र कुपोषण असल्यास मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १४ दिवस पोषण-उपचार द्यावेत, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

निष्कर्ष :
शस्त्रक्रियेचा आणि पोषणाचा इतिहास दीर्घकाळ समांतर चालला. बुलडाण्यातील वृद्ध रुग्णासाठी हे दोन्ही प्रवाह शस्त्रक्रियागृहात नव्हे, तर निदानानंतर घरी घालविलेल्या दिवसांत एकत्र येणे आवश्यक आहे. वजनाची नोंद व आहारसल्ला ही कामे ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकतात. प्रतीक्षेचा काळ उपासमारीचा न ठरता तयारीचा ठरावा, हाच या इतिहासाचा बोध होय.