धर्माच्या नावावर मत मागितलं तर काय होतं? विलेपार्ल्याच्या निवडणुकीची गोष्ट

उमेदवार देवळात नारळ वाढवतो, दर्ग्यावर चादर चढवतो, चर्चमध्ये हात जोडतो. निवडणूक आली की असे व्हिडिओ व्हायरल होतात. मतदारावर त्याचा परिणाम का होतो? आणि कायदा काय सांगतो?

श्रद्धा आणि मत

बहुतेक मतदार उमेदवाराला कधी भेटलेले नसतात. त्याचं काम तपासायलाही फारसा वेळ नसतो. मग धर्म ही सोपी खूण ठरते. ‘आपल्यातला आहे’ म्हणजे आपलं ऐकेल, ‘देवाला मानतो’ म्हणजे प्रामाणिक असेल, असा अंदाज बांधला जातो. समाजात तणाव असेल, तर ‘आपलं रक्षण कोण करेल’ हा प्रश्न रस्ते आणि पाण्याच्याही पुढे जातो.

विलेपार्ल्यात काय घडलं?

डिसेंबर 1987 मध्ये मुंबईतील विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू जिंकले. पराभूत उमेदवार, काँग्रेसचे प्रभाकर कुंटे कोर्टात गेले. बाळासाहेब ठाकरे यांच्या प्रचारसभांमधील भाषणांवर त्यांचा आक्षेप होता. 1989 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही निवडणूक रद्द केली आणि 11 डिसेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पुढे 1999 मध्ये ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही काढून घेण्यात आला. बंदी सहा वर्षांची होती आणि ती निकालाच्या तारखेपासून मोजली गेली.

याच निकालात कोर्टाने असंही म्हटलं, की ‘हिंदुत्व’ शब्दाचा नुसता उल्लेख म्हणजे धर्माच्या नावावर मत मागणं नव्हे. त्यावरचा वाद आजही सुरू आहे.

कायदा काय आहे?

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123(3) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या आधारे मत मागणं हे भ्रष्ट आचरण आहे. ‘मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल’ अशी भीती घालणं हेही याच कायद्यानुसार भ्रष्ट आचरण आहे.

2 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने 4 विरुद्ध 3 अशा बहुमताने या कलमाची व्याप्ती वाढवली. उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येत नाही. हे प्रकरणही मुंबईचंच, सांताक्रूझमधील 1990 च्या निवडणुकीचं होतं.

मतदार काय करू शकतो?

निकालानंतर 45 दिवसांच्या आत उमेदवार किंवा त्या मतदारसंघातला कोणताही मतदार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करू शकतो. प्रचार सुरू असताना निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ अ‍ॅपवर आचारसंहिता भंगाची तक्रार करता येते.

मात्र कायद्याचा लगाम मत मागणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही. मतदान गुप्त असतं. कोणता निकष लावून बटण दाबायचं, हे शेवटी मतदारच ठरवतो. विलेपार्ल्याच्या प्रकरणात अंतिम निकाल यायला आठ वर्षं लागली आणि तोवर त्या विधानसभेची मुदतही संपली होती.