विद्यापीठांचा शाश्वतता अहवाल
विद्यापीठाच्या अध्यापन, संशोधन व परिसर-व्यवस्थापनाचे पर्यावरणीय आणि सामाजिक परिणाम मांडणारा जाहीर अहवाल. फ्रान्समधील तालुआर येथील १९९० च्या जाहीरनाम्यात विद्यापीठप्रमुखांनी पर्यावरणीय जबाबदारी स्वीकारली. २०१० मध्ये इंडोनेशिया विद्यापीठाची ग्रीनमेट्रिक, तर २०१९ मध्ये टाइम्स हायर एज्युकेशनची प्रभाव-क्रमवारी सुरू झाली (पहा : विद्यापीठ क्रमवारी). दुसरीत सतरावे उद्दिष्ट (पहा : शाश्वत विकास उद्दिष्टे) अनिवार्य असून उरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांची तीनच उद्दिष्टे एकूण गुणांकनात धरली जातात, त्यामुळे दुबळी बाजू आड ठेवूनही नावलौकिक मिळू शकतो. क्रमवारीच्या ओढीनेच संस्था माहिती खुली करतात, हा प्रतिवाद रास्त आहे. मात्र माहिती खुली होण्याने कामगिरी सिद्ध होत नाही. वीज, पाणी व कचरा यांची वर्षागणिक तुलनीय आकडेवारी त्रयस्थाने तपासलेली असेल, तरच प्रतिष्ठेला पुराव्याचा आधार मिळतो (पहा : पर्यावरण लेखापरीक्षण).