शस्त्रपरवाना, पोलिसांची विचारणा आणि कुंडलचा इतिहास

शस्त्र बाळगण्याचा परवाना असलेल्या नागरिकाचे वाहन नाकाबंदीत अडविले गेले, तर जवळ शस्त्र असल्याचे त्याने आपणहून पोलिसांना सांगावे काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कायद्याचा वाटतो. वस्तुतः तो राज्यसंस्था व नागरिक यांच्यातील विश्वासाचा प्रश्न असून त्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. या इतिहासात कुंडल (आजचा सांगली जिल्हा, पूर्वीचा सातारा परिसर) या गावाचे स्थान विशेष आहे. कारण शस्त्राची माहिती सरकारला न देणे हेच तेथे १९४३ ते १९४६ या काळात सार्वजनिक कर्तव्य मानले गेले.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली भारतीय शस्त्र अधिनियम संमत झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग नव्हे. परवान्याशिवाय सशस्त्र फिरण्यास या अधिनियमाने बंदी केली, मात्र युरोपियनांना सवलत दिली. नियमांतील हा वंशभेद विसाव्या शतकात दूर झाला, तरी कायद्याची मूळ घडण कायम राहिली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. कलम २८ नुसार या कायद्याखालील गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती जवळच्या पोलिसास किंवा दंडाधिकाऱ्यास देणे बंधनकारक होते. न देण्यास वाजवी कारण होते हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच होता. कलम ३२ अन्वये प्रांतिक सरकारला एखाद्या भागातील बंदुकांची गणती करविता येई व त्या वेळी बंदूकधारकाला मागितलेली माहिती द्यावीच लागे. परंतु सर्वांत बोलकी तरतूद कलम २० ची. बेकायदा शस्त्र बाळगण्यास कलम १९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होती. तेच कृत्य सरकारी नोकराला किंवा रेल्वेच्या कर्मचाऱ्याला कळू नये अशा रीतीने केल्यास शिक्षा सात वर्षांपर्यंत जाई. म्हणजे शस्त्रापेक्षा ते लपविणे सरकारला अधिक भयप्रद वाटत होते.

कुंडल हे औंध संस्थानातील गाव. या संस्थानचा मुलूख सलग नव्हता, आणि कुंडलच्या आजूबाजूला तासगाव, वाळवा, खानापूर हे ब्रिटिश सातारा जिल्ह्याचे तालुके होते. १८७८ चा अधिनियम ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होता, संस्थाने त्या व्याख्येत येत नव्हती. काही मैलांच्या अंतरात अधिकारक्षेत्र बदलत असल्याने भूमिगतांना असा प्रदेश सोयीचा ठरला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची राज्यघटना दिली होती, हेही या संदर्भात विसरता येत नाही.

१९४२ च्या सप्टेंबरमध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे मोर्चे निघाले. वडूज व इस्लामपूर येथे गोळीबार होऊन निःशस्त्र माणसे मारली गेली. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे सशस्त्र दल म्हणजे तुफान सेना. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजेच रामचंद्र श्रीपती लाड हे तिचे अग्रणी होते. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पगाराची गाडी लुटण्यात आली. १९४४ च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या पश्चिम खानदेशात चिमठाणे येथे सरकारी खजिना ताब्यात घेण्यात आला. कलम २० मधील रेल्वे कर्मचाऱ्यांचा उल्लेख शेणोलीच्या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे कायदा करणाऱ्यांना कशाची धास्ती होती, ते कळते.

या सैनिकांनी परवाना मागण्याचा प्रश्नच नव्हता. तथापि अधिक विचारणीय आहे ती गावाची भूमिका. नाना पाटील १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत, ते केवळ शस्त्रांच्या बळावर नव्हे. कलम २८ ने ज्यांना माहिती देण्यास बांधले होते, त्या हजारो सामान्य माणसांनी तोंड उघडले नाही. या मौनाला दुसरीही बाजू आहे. प्रतिसरकारने दरोडेखोरांप्रमाणेच खबऱ्यांनाही कठोर शिक्षा केल्या. ‘पत्री सरकार’ हे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव तळपायावरील माराशी जोडले जाते. तेव्हा मौनामागे निष्ठा किती व धाक किती, याचा हिशेब गौरवपर लेखनात सहसा टाळला जातो. तो टाळू नये.

राष्ट्रीय चळवळीच्या मुख्य प्रवाहाचीही या कायद्याविषयी तक्रार होतीच. महात्मा गांधींनी जानेवारी १९३० मध्ये मांडलेल्या अकरा मागण्यांत लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत, अशी एक मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावाने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला मान्य केला. मात्र १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी या हक्कासाठी मांडलेली दुरुस्ती फेटाळली गेली आणि संविधानात उरला तो शांततेने व ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचा हक्क.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या कलम १९ नुसार शस्त्र बाळगणाऱ्या कोणाही व्यक्तीकडे पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. परवाना किंवा सूट दाखविता न आल्यास नाव-पत्ता विचारता येतो, आवश्यक वाटल्यास शस्त्र जप्त करता येते; नाव-पत्ता नाकारल्यास वा तो खोटा असल्याचा संशय आल्यास वॉरंटाविना अटकही करता येते. येथे कर्तव्य निर्माण होते ते विचारणेने. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० मध्येही गणवेशातील पोलिसाने मागितल्यावर वाहन परवाना दाखवावयाचा असतो. दोन्हींत आपणहून सांगण्याची सक्ती नाही. १८७८ च्या गणतीच्या तुलनेत हा बदल लहान नाही. परंतु जुना संशय पुरता गेलेला नाही: सरकारी नोकराला कळू नये अशा रीतीने केलेल्या उल्लंघनासाठी १९५९ च्या कायद्यातही कलम २६ हे स्वतंत्र कलम आहे. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानात ठेवूनच न्यावे लागते; साहजिकच रस्त्यावरील पोलिसाला ते नेहमी दिसेलच असे नाही.

अमेरिकेत हा प्रश्न उघडपणे चर्चिला गेला आहे. मिशिगन राज्यात परवानाधारकाने अडविले जाताच शस्त्राची माहिती द्यावी लागते. ओहायोने तशी सक्ती २०२२ मध्ये काढून विचारल्यावर सांगणे पुरेसे मानले. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात एका परवानाधारक कृष्णवर्णीय वाहनचालकाने आपल्याजवळ शस्त्र असल्याचे पोलिसाला शांतपणे सांगितले आणि काही क्षणांत तो गोळ्यांना बळी पडला. पोलीस अधिकारी पुढील वर्षी निर्दोष सुटला. सांगणाऱ्याचे रक्षण होईल याची हमी सांगण्याच्या नियमात नसते, हे त्या घटनेने दाखविले.

महाराष्ट्रात परवानाधारक व पोलीस यांची प्रत्यक्ष गाठ बहुधा निराळ्याच प्रसंगी पडते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश जारी असताना परवाना जवळ असूनही शस्त्र घेऊन फिरणे अडचणीचे ठरू शकते. निवडणुका जाहीर झाल्या की जिल्हास्तरीय छाननी समिती कोणाची शस्त्रे जमा करावयाची ते ठरविते, आणि आपल्या नावावरची बंदूक घेऊन परवानाधारक पोलीस ठाण्यात हजर होतो, पावती घेतो, मतमोजणीनंतर ती परत मागतो.