डोंगरावरच्या गावाची मोजदाद

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याने निघाले की केर्लीजवळ उजव्या हाताला एक फाटा फुटतो. कुशिरे, गायमुख करीत तो वर चढतो आणि डोंगरमाथ्यावरच्या एका दाट वस्तीत येऊन थांबतो. लोक तिला जोतिबा म्हणतात. सरकारदरबारी गावाचे नाव आहे वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा. बाहेरच्या माणसाला हे नाव ऐकून कोकणातले बंदर आठवते, पण त्या रत्नागिरीशी या वाडीचा संबंध नाही.

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून एक सोंड पन्हाळ्यावरून पूर्वेकडे येते. जोतिबाचा डोंगर त्याच सोंडेचा भाग, पण थोडा सुटा पडलेला. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३१०० फूट आणि पायथ्याच्या सपाटीपासून साधारण १००० फूट. उत्तरेकडचे पाणी वारणेला जाते, दक्षिणेकडचे पंचगंगेच्या खोऱ्यात. दोन्ही नद्यांच्या काठी ऊस उभा, आणि मधल्या या डोंगरावर मात्र नदी नाही, मळे नाहीत. पायथ्याशी पोहाळे येथे बौद्ध लेणी आहेत. म्हणजे माणसाची ये-जा इथे फार जुनी.

शेतीवाचून आणि नदीवाचून गाव वसते ते देवामुळे, आणि टिकते ते पाण्याच्या सोयीमुळे. १८८६ साली निघालेल्या मुंबई गॅझेटिअरच्या कोल्हापूर खंडात डोंगरावरच्या पाण्याची नोंद आहे. यमाईच्या देवळापुढे दोन कुंडे आहेत. त्यांतले एक १७४३ च्या सुमारास करवीरच्या जिजाबाईंनी बांधल्याचे सांगतात, दुसरे जमदग्नी तीर्थ राणोजी शिंद्यांचे. शिवाय काही तळी आणि विहिरी. देवळांच्या बांधणीच्या गोष्टी सगळे सांगतात, मला या कुंडांचे महत्त्व अधिक वाटते. देऊळ यात्रेकरूला वर बोलावते, पण तो वर एक रात्र राहू शकतो तो कुणीतरी पाणी अडवून ठेवले म्हणून.

देवळांचा हिशेब थोडक्यात असा. केदारलिंगाचे आजचे देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधले. चोपडाईचे १७५० मध्ये हिंमतबहादूर चव्हाणांनी, रामलिंगाचे १७८० च्या सुमारास, केदारेश्वराचे १८०८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी. हे राणोजी ग्वाल्हेरच्या घराण्याचे मूळ पुरुष. जोतिबा त्यांचे कुलदैवत, म्हणून उत्तर हिंदुस्थानात मिळवलेल्या दौलतीतला वाटा या डोंगरावर आला. याच देवाच्या नावावरून १८२७ साली एका मुलाचे नाव जोतीराव ठेवले गेले, असे महात्मा फुल्यांचे चरित्रकार लिहितात. त्या मुलाची शाळा सुटली तेव्हा ‘याला पुन्हा शाळेत घाला’ असे वडिलांना पटवणाऱ्यांत गफार बेग मुन्शी होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच.

आता माणसांकडे वळू. गॅझेटिअरकार लिहितो की डोंगरावरचे गाव लहान असून तिथे बहुतेक गुरव, म्हणजे जोतिबाचे पुजारी राहतात. आजही गावाचा कणा तोच आहे. गुरवांची घरे हीच यात्रेकरूंची उतरण्याची जागा. कुठल्या गावचा भाविक कुठल्या घरी उतरायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. शेजारच्या पन्हाळ्याला अवघी साडेतीन हजारांच्या आतबाहेर वस्ती असून नगरपरिषद आहे. जोतिबावर ग्रामपंचायत. गाव की शहर हे माणसांच्या आकड्यावर ठरत नाही, याचे याहून जवळचे उदाहरण सापडायचे नाही.

पण गुरवांचे गाव म्हणून चित्र पुरे होत नाही. चैत्र पौर्णिमेला इथे लाखो माणसे येतात. उंच सासनकाठ्या नाचतात, गुलालाने रस्ते, छपरे, माणसे एका रंगाची होतात. त्या दिवशी जोतिबा जिल्ह्यातल्या मोठ्या शहरांच्या बरोबरीचे होते आणि दोन दिवसांनी पुन्हा वाडी. यातली लोकसंख्या कुठली धरायची?

जनगणनेने हा प्रश्न टाळण्याची वाट फार पूर्वी शोधली. १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री देशात पहिली एकाच वेळची शिरगणती झाली. जो जिथे सापडेल तिथे त्याला मोजायचे, असा तेव्हाचा नियम. म्हणून तारीख निवडताना अधिकारी दोन गोष्टी पाहत. प्रगणकाला दिसावे म्हणून चांदणे असावे, आणि माणसे घरी सापडावीत म्हणून कुठे मोठी जत्रा नसावी. १९४१ पासून एका रात्रीची पद्धत गेली, तरी मोजणी बहुतेक वेळा फेब्रुवारीतच राहिली. २००१ आणि २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. चैत्र पौर्णिमा येते मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये. यात्रेतला जोतिबा जनगणनेला कधी दिसलाच नाही.

माझे आजोबा त्या न दिसलेल्यांपैकी एक. आडनाव अत्तार. अत्तार म्हणजे नुसता अत्तर विकणारा नव्हे. कुंकू, बुक्का, नाडा, उदबत्ती, गुलाल हा सगळा अत्ताराचा माल. चैत्रात गावातली बैलगाडी जोडून ते डोंगराच्या वाटेला लागत. पुढे एस.टी. आली तेव्हा पोती टपावर. डोंगरावर एका गुरवाच्या ओसरीला त्यांची पाल ठरलेली. गुरव त्यांना ‘अत्तारभाई’ म्हणत, ते गुरवाला ‘देवा’ म्हणत. पाणी गुरवाच्या घरचे, भाकरी आमच्या घरची. बाजूला मणेर बांगड्या घेऊन बसलेला, पलीकडे बागवान. यातला एकही डोंगराचा रहिवासी नव्हता, आणि यांच्यावाचून त्या डोंगरावरची यात्रा भरलीही नसती. शब्दकोशकार ‘गुलाल’ हा शब्दही फारसीतून आलेला मानतात, पण आजोबांना ते ठाऊक नव्हते. त्यांना गुलालाचा भाव ठाऊक होता.

पन्हाळ्यावर सादोबाचा दर्गा आणि सादोबा तलाव आहे. पिराच्या नावाला ‘बा’ लागला, देवाच्या नावालाही लागला. समोरासमोरच्या दोन डोंगरांवर लोकांनी एकच प्रत्यय वापरला, कारण बोलावण्याची त्यांची रीत एकच होती.

गुरवांच्या हक्कांचे कागद निघतात, इनामदारांच्या सनदा निघतात. पाल टाकणाऱ्याचा कागद निघत नाही. एरवी याचे काही वाटले नसते. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना मज्जाव करण्याचा ठराव केला. तालुका प्रशासनाने तो रद्दबातल ठरवला. तरी त्या बातमीनंतर ‘तुम्ही इथले कधीपासून?’ या प्रश्नाला वजन आले, आणि उत्तर देताना आमच्याकडे ओसरीच्या आठवणीखेरीज दाखवायला काही नाही. कोल्हापूर जिल्ह्यात २०११ साली ३८,७६,००१ माणसे मोजली गेली. त्यांत मुसलमान सात टक्क्यांहून थोडे अधिक. ते कुठे राहतात हे आकडे सांगतात. कुठे कुठे पाल टाकतात हे कुठल्याच तक्त्यात नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही. नव्या जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. २०११ च्या पत्रकात घरापासून कामाच्या जागेचे अंतर किती आणि तिथे कशाने जाता, असा रकाना होता. आजोबांना कुणी विचारले असते तर त्यांनी सांगितले असते, ‘बैलगाडीने, चैत्रात.’ प्रगणकाने ते कुठे लिहिले असते, कोण जाणे.