ओकच्या तुळयांखाली

उठा, अजून काळोख आहे. तुम्ही नऊ वर्षांचे आहात, गाव वॉरिकशायरमधलं स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन, राज्य पहिल्या एलिझाबेथ राणीचं. हिवाळा आहे म्हणून सातला पोचलं तरी चालेल; उन्हाळ्यात सहालाच शाळा भरते. मेणबत्ती घेतलीत ना? मेणाची नव्हे, चरबीची. पेटवली की जळक्या मटणाचा वास नाकात जो बसतो, तो दिवसभर हलत नाही.

चर्च स्ट्रीटवरच्या गिल्डहॉलचा जिना चढा. खाली गावचे कारभारी बसतात, वर तुमचा वर्ग. १५५३ साली सहाव्या एडवर्ड राजानं सनद दिली आणि मास्तरांना वर्षाला २० पौंड आणि राहायला घर ठरलं. ओकच्या या जाड तुळया तर त्याहूनही जुन्या. किंग एडवर्ड सहावा स्कूल आजही आहे, आणि ही खोली आजही त्याच शाळेची आहे.

बाकावर सरका, अजून थोडं. ओली लोकर, चिखलाचे जोडे, कोंदट श्वास. शेजारच्या पोराच्या अंगाला कातड्याचा वास येतोय, कारण त्याचा बाप हातमोजे शिवतो. नाव विल्यम. त्या वर्षांचे पट उरलेले नाहीत, पण जॉन शेक्सपिअरचा मुलगा इथेच शिकला असणार, असंच बहुतेक अभ्यासक मानतात.

मास्तर लिलीचं लॅटिन व्याकरण उघडतात आणि सगळी खोली एका सुरात रूपं म्हणू लागते. 'रामः रामौ रामाः' घोकलेल्यांना हा ताल लगेच ओळखू येईल. अडखळलात तर बर्चच्या फोकांची छडी आहेच. मग पुढची कसरत: लॅटिन उताऱ्याचं इंग्रजी करा, पुस्तक मिटा, आणि त्या इंग्रजीचं पुन्हा लॅटिन करून दाखवा. बोटं गारठलीत, पिसाचं टोक बोथट झालंय, चाकूनं तासून घ्या. शाई मनगटापर्यंत आलीय. तरी एकच वाक्य तुम्ही चौथ्यांदा फिरवताय, हा शब्द आधी की तो, हलका की जड. घोकंपट्टीला आपण सहज नावं ठेवतो. पण इथे बसल्यावर कळतं, की शब्दाचं वजन हाताला असंच कळू लागतं. मला ही खोली आवडते ती यासाठीच.

अकरा वाजले. जेवायची सुट्टी! जिन्यात एकच झुंबड, कोपरं बरगड्यांत, कुणाची तरी टोपी पायाखाली. पण थांबा, खालून ढोल ऐकू येतोय. फिरती नाटकमंडळी गावात आलीय, आणि पहिला खेळ नेहमीप्रमाणे इथेच, गावच्या कारभाऱ्यांपुढे. भूक विसरून तुम्ही दाराच्या फटीकडे धावता. तिथे तुमच्याआधीच कुणीतरी डोळा लावून उभं आहे. अंधारात चेहरा दिसत नाही, पण कातड्याचा वास येतोय.