मोटारीच्या हवामार्गातील पाचोळा

उन्हाळाभर झाडाच्या सावलीत उभी राहिलेली मोटार पावसाळा सुरू झाला की काही वेळा चमत्कारिक वागू लागते. ब्लोअर सुरू करताच डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने खडखड ऐकू येते, कुबट वास येतो आणि पंखा पूर्ण वेगात असूनही हवेला जोर नसतो. पुढे एके दिवशी डाव्या आसनापुढचा गालिचा भिजलेला आढळतो. एसी बिघडला असे समजून गॅस भरून घेण्याकडे बहुतेकांचा कल असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष मूठभर पानांचा असतो.

बाहेरची हवा मोटारीत येते ती बॉनेटच्या मागच्या कडेला, समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या प्लास्टिकच्या जाळीतून. या जाळीखाली पन्हळीसारखी रुंद पोकळी असते. वायपरची मोटर व तिचे दांडे बहुतेक गाड्यांत तेथेच बसवलेले असतात. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी याच पन्हळीत उतरते आणि टोकांकडील छिद्रांतून जमिनीवर पडते. हवा मात्र एका बाजूच्या, किंचित उंचावरच्या तोंडातून आत शिरते. आपल्याकडील उजव्या स्टिअरिंगच्या मोटारींत ब्लोअर बहुधा डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तेथून हवा कूलिंग कॉइलमधून आणि गरज असल्यास हीटरमधून, म्हणजे इंजिनातील तापलेले पाणी खेळवणाऱ्या छोट्या रेडिएटरमधून, फिरून आपल्यापर्यंत पोहोचते.

वड-पिंपळाची मोठी पाने जाळीवरच अडकतात. ती हाताने उचलता येतात. खरा उपद्रव बारीक पर्णिकांचा. चिंच, गुलमोहर, सोनमोहर यांच्या पर्णिका जाळीच्या फटींतून सहज खाली उतरतात. सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्या, शेवरीचा कापूस आणि कबुतरांची पिसे यांची त्यात भर पडते. धूळ आणि पहिल्या पावसाचे पाणी मिळाले की या सगळ्याचा चिखल होतो व तो पाण्याच्या छिद्रांत बसतो. काही मोटारींत या छिद्रांना रबराची चपटी तोंडे असतात. ती तर फारच लवकर तुंबतात. मग पन्हळीतील पाणी चढत जाते आणि हवेच्या तोंडातून थेट ब्लोअरवर पडते. गालिच्याखालून तारांचे जुडगे गेलेले असतात, काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रकही तेथेच असतो. म्हणून हा ओलावा नुसत्या वासापुरता राहत नाही.

गालिचा ओला दिसला की पाणी कोणते, हे आधी ओळखावे. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर, एसी बंद असतानाही ओल आली, तर पन्हळ तुंबली आहे. एसी चालवल्यावरच स्वच्छ पाणी आले, तर कूलिंग कॉइलवर जमणारे दव बाहेर नेणारी नळी बंद झाली आहे. एसी चालू असताना गाडीखाली पाण्याचे थेंब पडणे हे आरोग्याचे लक्षण, न पडणे हेच संशयास्पद. पाणी रंगीत व चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट थर जमत असेल, तर मात्र हीटरच गळतो आहे. ते इंजिनाचे कूलंट असून विषारी असते. तेथे घरगुती उपायांचे काम नाही.

साफसफाई नेहमी वरून खाली करावी. बॉनेट उघडून जाळीवरची पाने वेचावीत. शक्य असल्यास वायपरचे दांडे व जाळी काढून पन्हळ मोकळी करावी. सुका कचरा व्हॅक्युम क्लिनरच्या निमुळत्या नळीने ओढून घ्यावा. छिद्रांत मऊ प्लास्टिकची पट्टी किंवा जाड नायलॉनची दोरी घालावी, धातूची तार नको. नंतर तांब्याभर पाणी बेताने ओतून ते खाली पडते का पाहावे. धुलाई केंद्रावर जोरदार फवारा थेट जाळीवर मारण्याची पद्धत आहे. तिच्याने कचरा निघत नाही, उलट आत ढकलला जातो.

यानंतर ग्लोव्ह बॉक्स. अनेक मोटारींत त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली उतरतो आणि मागे केबिन फिल्टरचे झाकण दिसते. पूर्वीच्या अनेक लहान गाड्यांत फिल्टरची जागा असे, पण फिल्टर नसे. आपल्या गाडीत तो आहे की नाही हे एकदा पाहून ठेवावे. फिल्टर काढताना त्यावरचा कचरा ब्लोअरमध्ये सांडू देऊ नये. नवा बसवताना त्यावरील बाणाची दिशा पाळावी. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरण्याची काटकसर करू नये. ओला कागद हीच बुरशीची आवडती जागा.

खडखड तरीही राहिली, तर पाने ब्लोअरच्या पिंजऱ्यासारख्या पंख्यात आहेत. बॅटरीची ऋण तार सोडून आणि थोडा वेळ थांबून मगच येथे हात घालावा. भारतात १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. ती ग्लोव्ह बॉक्सच्या वरच असते, तेव्हा बहुधा पिवळ्या रंगाच्या तिच्या जोडण्यांना स्पर्श करू नये. ब्लोअर सहसा तीनचार स्क्रूंवर असतो. पंख्याच्या पात्यांवर छोटी क्लिप दिसली तर ती काढू नये; ती समतोलासाठी असते. उंदरांचा वावर दिसल्यास हातमोजे व मुखपट्टी वापरावी.

हवेचा मार्ग कोंडण्याचा आणखी एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. साध्या ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर हवेच्या त्याच झोतात बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि वाऱ्यानेच थंड राहतो. वारा कमी झाला की तो जळतो. मग पंखा फक्त शेवटच्या वेगावर चालतो, कारण त्या वेगाला रेझिस्टर लागत नाही. त्यावर सुकी पाने साचली असतील तर ती करपू शकतात. ब्लोअरमधून जळका वास आला की तो तत्काळ बंद करावा.

आपल्या हवेत हीटर हवाच कशाला, असे मुंबई-पुण्यात सहज म्हटले जाते. ताम्हिणी किंवा आंबोली घाटात, आषाढातल्या पावसात समोरची काच आतून पांढरी झाली म्हणजे त्याचे उत्तर मिळते. अशा वेळी एसी चालू ठेवून, बाहेरची हवा घेऊन झोत काचेकडे वळवावा. एसी दमटपणा शोषतो, हीटरची थोडी ऊब काच लवकर मोकळी करते. हवामार्ग तुंबलेला असेल तर यातले काहीच होत नाही आणि चालक एका हाताने फडके फिरवत वळणे घेतो.

सावलीतली जागा कोणी सोडणार नाही, सोडूही नये. गाडी बंद करण्यापूर्वी हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबून ठेवले तर बहुतेक मोटारींत बाहेरच्या हवेची झडप मिटते आणि पाने व उंदीर दोघांनाही काहीसा अटकाव होतो. पानगळ संपल्यावर, मेअखेरीस, एकदा पन्हळ तपासावी. गालिचा एकदा भिजलाच, तर तो वरून सुकवून भागत नाही. त्याखालचा जाड फोम आठवडाभरही ओला राहतो, म्हणून आसन काढून तो उचलून उन्हात घालावा लागतो.