विहिरीच्या बदल्यात वारस

बेसा आता नागपुरातच जमा आहे. फ्लॅटस्कीमच्या रांगा उठण्याआधी दक्षिणेकडे सगळं शिवारच होतं. इथून वर्धा रोडला लागलं की बुटीबोरी, सेलू मागे टाकत दीड-दोन तासांत वर्धा येतं. या पट्ट्याला एकोणिसाव्या शतकात पैसा दाखवला तो कापसाने. त्या कापसावर उभ्या राहिलेल्या पेढ्यांपैकी वर्ध्याच्या शेठ बच्छराज बजाजांच्या घराची गोष्ट सांगायची, तर सुरुवात दत्तकापासून करावी लागते.

त्याआधी थोडं कापसाबद्दल. रेल्वे येण्यापूर्वी नागपूरकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरपर्यंत जायचा. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथल्या दक्षिणेचा कापूस बंदरांत अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. हिंगणघाटच्या बनी कापसाचं नाव तर आधीपासूनच होतं. 1862 मध्ये वर्धा जिल्हा वेगळा झाला. 1866 मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर आखलं गेलं आणि 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. युद्ध संपताच भाव कोसळले, पण रूळ राहिले. त्याच रुळांच्या आणि कापसाच्या भरवशावर जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कामठी-नागपूरची बन्सीलाल अबीरचंद ही पेढी तर फारच मोठी. कस्तुरचंद पार्क ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते सर कस्तुरचंद डागा याच घराण्यातले.

लहान गावातली मारवाडी पेढी म्हणजे सावकारी आणि बाजार एकाच गादीवर. पेरणीला कास्तकाराने उचल घ्यायची, हंगामात कापूस घालायचा, तो रेच्यावर जायचा, सरकी वेगळी, रुई वेगळी, गाठी मुंबईला आणि पैसा हुंडीने परत. कास्तकाराच्या बाजूने पाहिलं, तर अशाच वह्यांमध्ये कित्येकांची वावरं गेली. ते विसरून या घरांचं कौतुक करता येत नाही.

पण पेढीलाही एक भीती असे. रोजमेळ, खतावणी मुनीम सांभाळू शकतो. हुंडी मात्र नावावर चालते आणि त्या नावामागे उद्याही कोणी असेल, या विश्वासावर. बच्छराजांचा मुलगा रामधनदास अकाली गेला. पैसा होता, पत होती, पण पुढचा माणूस नव्हता.

बजाज मूळचे राजस्थानातल्या शेखावाटीचे. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात 4 नोव्हेंबर 1889 रोजी कनीराम आणि बिरदीबाईंना मुलगा झाला, जमनालाल. तो चार-पाच वर्षांचा असताना बच्छराज आणि त्यांच्या पत्नी सदीबाई मूळ मुलखी गेले होते. घरात सांगितली जाणारी हकीकत अशी : अंगणात खेळणारं पोर सदीबाईंच्या मनात भरलं. हा आम्हाला द्या, असं त्या म्हणाल्या. बिरदीबाईंनी रीतीप्रमाणे, पाहुणीचा मान राखत, तुमचाच आहे, असं उत्तर दिलं. सदीबाईंनी तो शब्द धरला आणि रामधनदासाचा मुलगा, म्हणजे आपला नातू म्हणून त्याला दत्तक मागितलं. कनीरामांनी मुलाच्या बदल्यात पैसे घ्यायला नकार दिला. गावासाठी एक विहीर बांधून द्या, एवढंच मागितलं. ज्या मुलखात पाणी खोल आणि पाऊस बेभरवशाचा, तिथे ही मागणी लहान नव्हती. तरी या दत्तकाची किंमत सर्वांत जास्त मोजली ती बिरदीबाईंनी. सौजन्याने उच्चारलेल्या दोन शब्दांपायी त्यांच्या मांडीवरचं लेकरू शेकडो कोस दूर, नागपूरच्या मुलखात गेलं.

वर्ध्यात जमनालाल मराठी चौथीपर्यंत शिकले. मग गादीवर बसून वही शिकले. 1902 मध्ये जावऱ्याच्या जानकीदेवींशी लग्न झालं. टिळकांच्या विचारांची ओढ वाढत होती. नागपुरातून ‘हिंदी केसरी’ निघणार म्हटल्यावर रोजच्या खर्चाला मिळणाऱ्या रुपयातून साठवलेले शंभर रुपये त्यांनी देऊन टाकले.

1907 मध्ये घरात ठिणगी पडली. एका लग्नाला जाताना दागिने घालायला सतरा वर्षांच्या नातवाने नकार दिला. आजोबा संतापले आणि दौलतीची आठवण करून देत नको ते बोलून गेले. जमनालालांनी चिठ्ठी लिहिली : तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही, मी अंगावरच्या कपड्यांनिशी जातो, मनात राग नाही. वारसासाठी विहीर बांधणाऱ्या म्हाताऱ्याने ती चिठ्ठी कशी वाचली असेल, याची कल्पना करवत नाही. समजूत घालून त्याला परत आणलं गेलं. त्याच वर्षी बच्छराज वारले.

पेढी जमनालालांकडेच आली. पण ती त्यांनी पुढे विश्वस्तासारखी सांभाळली. 1908 मध्ये मानद मॅजिस्ट्रेट, 1918 मध्ये रायबहादूर. 1921 मध्ये ती पदवी त्यांनी परत केली. त्याच्या आधी, डिसेंबर 1920 मध्ये, नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. जमनालाल स्वागताध्यक्ष होते. तिथे त्यांनी गांधीजींकडे मागणं मागितलं : मला तुमचा पाचवा मुलगा माना. पहिल्या दत्तकाच्या वेळी त्यांना कोणी विचारलं नव्हतं. हे दुसरं दत्तक त्यांनी स्वतः मागून घेतलं.

पुढचं वर्ध्यात डोळ्यांना दिसतं. 1921 मध्ये विनोबा आले, 1934 मध्ये गांधीजी, आणि 1936 मध्ये ते जवळच्या शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. बजाजांनी बांधलेलं लक्ष्मीनारायण मंदिर जुलै 1928 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडलं.

जमनालाल 11 फेब्रुवारी 1942 रोजी गेले. पावणेचार वर्षांनी, नोव्हेंबर 1945 मध्ये, कुटुंबाने एक नवी कंपनी काढली आणि तिला आजोबांचं नाव दिलं : बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. 1948 पासून ती परदेशी स्कूटर आणि रिक्षा आणून विकू लागली. 1960 मध्ये नाव बदललं, बजाज ऑटो झालं. बेसा चौकात सवारीची वाट पाहणाऱ्या ऑटोंवर आज तेच आडनाव आहे.

जानकीदेवींनी गांधीजींच्या शब्दावर सोनं उतरवलं होतं, पडदाही सोडला होता. पतीच्या पश्चात त्या विनोबांच्या भूदानात उतरल्या. त्यातही त्यांनी स्वतःसाठी निवडलेलं काम होतं कूपदानाचं. बजाजांच्या घरची सून लोकांपुढे पदर पसरून गावोगावच्या शेतांसाठी विहिरी मागत फिरली.